गल्ली नंबर पाच, सेक्टर नंबर सतरा

धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, गल्ली नंबर सहा. नवी मुंबईत सेक्टरचा नंबर सांगतात. मी वाढले धुळ्यात आणि गेली काही वर्षं राहते कोपरखैरण्यात, त्यामुळे नंबरांच्या शहरात राहायची मला सवय आहे. मुंबईतल्या मैत्रिणी इथे आल्या की कुरकुर करतात, सगळे चौक सारखेच दिसतात म्हणतात. मला मात्र सरळ रस्ता आणि त्याला काटकोनात मिळणारी गल्ली दिसली की गावाकडचं काहीतरी दिसल्यासारखं वाटतं.

गावाला नाव असतं आणि ते कुणी ठेवलं हे सहसा कुणालाच ठाऊक नसतं. नंबरचं तसं नाही. नंबर आहे म्हणजे कुणीतरी एकदा नकाशा पसरून बसलं होतं, पट्टी ठेवून रेघा मारल्या होत्या. त्या रेघा मारायच्या आधी तिथे काय होतं, हा प्रश्न मला नवी मुंबईत आल्यावर पडला. मग तोच प्रश्न मी धुळ्यालाही लावून पाहिला. दोन शहरांच्या मध्ये दीडशे वर्षांचं अंतर आहे. एक पांझरेच्या काठी, दुसरं ठाणे खाडीच्या. एक इंग्रज कप्तानाने मांडलं, दुसरं स्वतंत्र भारतातल्या वास्तुविशारदांनी आणि इंजिनिअरांनी. तरी दोन्हींची गोष्ट शेजारी ठेवली की कळतं, आखीव शहराचं भवितव्य नकाशाच्या सौंदर्यावर फारसं ठरत नाही. जमीन कुणाची होती, तिचं मोल कुणाला मिळालं आणि रेल्वे कधी आली, यावर ते ठरतं.

एक चौरस मैल

आधी धुळं. आमच्याकडे व्हॉट्सॲपवर दरवर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, एक मेसेज फिरतो की धुळे शहराची रचना सर विश्वेश्वरय्यांनी केली. विश्वेश्वरय्या धुळ्यात होते हे खरं आहे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते १८८४ साली रुजू झाले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच पांझरेच्या पाण्यासाठी दातर्तीजवळच्या सायफनचं काम त्यांच्याकडे आलं, म्हणून धुळेकरांना त्यांचा अभिमान असणं साहजिक आहे. पण शहर मांडायला सुरुवात झाली १८१९ मध्ये. तेव्हा विश्वेश्वरय्यांचा जन्मही झालेला नव्हता.

शहर मांडलं कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी. फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच ब्रिग्ज. १८१८ मध्ये पेशवाई संपली, खान्देश इंग्रजांकडे आला आणि नव्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं म्हणून ब्रिग्जनी धुळं निवडलं. जानेवारी १८१९ मध्ये त्यांनी कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली. कारागीर लांबलांबून आणले. सगळ्या इमारती मिळून सुमारे २७ हजार रुपये खर्च आला. मग व्यापाऱ्यांना आणि इतरांना बोलावणं गेलं: या, घर बांधा, जागेचं भाडं कायमचं माफ. एवढ्यावर न थांबता घर बांधायला उचलही दिली, जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही. त्या वर्षी धुळ्यात ४०१ घरं होती आणि २५०९ माणसं. १८७२ पर्यंत लोकसंख्या १२,४८९ वर गेली.

इथपर्यंत ऐकलं तर वाटतं, ओसाड माळावर एका हुशार अधिकाऱ्याने शहर उभं केलं. तसं झालेलं नाही. होळकरांच्या फौजांची लुटालूट आणि १८०३ चा भयंकर दुष्काळ यांत धुळं पार उजाड झालं होतं, हे खरं. पण पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. त्यांना त्याबद्दल इनाम मिळालं. पुढे लळिंग आणि सोनगीर या परगण्यांचा कारभारही त्यांच्याकडे आला आणि त्यांनी आपलं ठाणं धुळ्यातच ठेवलं. म्हणजे ब्रिग्ज आले तेव्हा गाव पंधरा वर्षं पुन्हा नांदत होतं. खुद्द ब्रिग्जनी केलेलं वर्णनही तसंच आहे: बागायतीने वेढलेलं लहानसं गाव, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्या बेचक्यात बसलेलं.

त्या वर्णनातला पाट महत्त्वाचा. पांझरेवर जागोजागी बंधारे होते आणि त्यांतून निघालेल्या पाटांवर गावाची शेती चालायची. आमच्याकडे त्याला फड पद्धत म्हणतात. गावची बागायत काही फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाळीने. पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या हे गावानेच नेमायचे आणि त्यांचा मोबदलाही गावानेच द्यायचा. नकाशावर निळी रेघ म्हणून दिसणाऱ्या पाटामागे माणसांनी पिढ्यानपिढ्या पाळलेला करार होता.

नवं धुळं आखीव झालं आणि जुनं धुळं होतं तसंच राहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींमध्ये दोन्हींतला फरक स्पष्ट आहे: नव्या भागात सरळ रस्ते आणि चांगली बांधलेली घरं, जुन्यात वेडीवाकडी वस्ती आणि बहुतेक साधी घरं. आजही शहरात जुने धुळे या नावाचा भाग आहे. बाहेरच्यांना आपण गल्ल्यांची सरळ रांग कौतुकाने दाखवतो, पण ज्या गावामुळे ती जागा निवडली गेली, ते गाव त्या रांगेच्या बाहेर आहे.

पूर्वेकडे वळा

आता खाडीकडे येऊ. मुंबई हा दक्षिणेकडे निमुळता होत गेलेला भूभाग. कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं राहणार उत्तरेला. सकाळी सगळे दक्षिणेकडे, संध्याकाळी सगळे उत्तरेकडे. शहर जितकं वाढेल तितकी ही ये-जा लांबणार, हे १९६० च्या दशकातच दिसू लागलं होतं. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक वेगळी कल्पना मांडली. कोरिया आणि मेहता वास्तुविशारद, पटेल स्थापत्य अभियंता. मुंबई उत्तरेला ताणत नेण्यापेक्षा बंदराच्या पलीकडे, पूर्वेला न्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने यायला लागलेच होते, पनवेलवरून पुण्याकडे आणि कोकणाकडे रस्ते जात होते. तिथे मुंबईच्या तोडीचं शहर उभं करा आणि सरकारची मुख्य कचेरीही तिकडे हलवा, म्हणजे मागोमाग बाकीचे येतील.

१७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले, पटेल नियोजनाचं काम पाहू लागले, आणि १९७४ पर्यंत दोघेही तिथे होते. एकच मोठं केंद्र असलेलं शहर त्यांना नको होतं. रेल्वेमार्गावर मण्यांसारखी ओवलेली अनेक उपनगरं असावीत, प्रत्येकात घरं, शाळा, बाजार आणि कामाच्या जागा असाव्यात, असा विचार होता. नियोजनाच्या भाषेत यांना ‘नोड’ म्हणतात. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली, कळंबोली, खारघर, उलवे, द्रोणागिरी धरून असे चौदा नोड आहेत.

पैसा कुठून येणार? इथे नवी मुंबई धुळ्यापेक्षा अगदी उलट निघाली. ब्रिग्जनी माणसं यावीत म्हणून जागा फुकट दिली. सिडकोने शहर उभं राहावं म्हणून जागा विकली. शेतजमीन घ्यायची, तिथे रस्ते, गटारं, पाणी आणायचं, म्हणजे तिची किंमत वाढते. वाढलेल्या किमतीला भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचा भाग उभारायचा. सरकारच्या तिजोरीवर भार न टाकता शहर स्वतःच्या जमिनीवर स्वतःचा खर्च भागवेल, अशी ही व्यवस्था. हिशेब म्हणून तो बिनचूक होता आणि चाललाही. पण तो चालण्यासाठी एक अट होती: जमीन घेताना स्वस्त असायला हवी. ती स्वस्त देणार कोण?

पंचाण्णव गावं

नव्या शहरासाठी नक्की झालेलं क्षेत्र होतं सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. त्यात ९५ गावं होती. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाणे आणि पनवेल खाडी, मध्ये भातखाचरं, मिठागरं, कांदळवनं आणि चिखलठाणं. शहरातून पाहणाऱ्याला ही दलदल वाटते. तिथे राहणाऱ्या आगरी आणि कोळी कुटुंबांना प्रत्येक तुकडा नावानिशी ठाऊक होता. आगर म्हणजे मिठागर, आगरी हे नाव त्यावरूनच आलं असं मानतात.

खाडीकाठची ही शेती मला पहिल्यांदा नीट समजली तेव्हा पांझरेचे फड आठवले. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. बांधात जागोजागी उघाडी असते, म्हणजे पाण्याचं दार. भरती आली की ते बंद होतं, ओहोटी लागली की उघडतं आणि आत साठलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. एक बांध फुटला तर सगळ्यांची शेती खारी होते, म्हणून बांध सगळ्यांनी मिळून राखायचा. पांझरेकाठी गोडं पाणी आत आणायला गाव एकत्र येत होतं, खाडीकाठी खारं पाणी बाहेर ठेवायला.

याच्या पुढची गोष्ट मला फार बोलकी वाटते. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पावसाळ्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाणी जाणार कुठे? म्हणून शहरात ‘होल्डिंग पाँड’ नावाचे मोठे तलाव ठेवलेले आहेत. भरतीला त्यांची झडपेची दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला दारं उघडतात आणि पाणी खाडीत जातं. या तंत्राबद्दल बोलताना हॉलंडचं नाव घेतलं जातं. तंत्र डच असेल, पण दाराचं काम तेच, जे गावातली उघाडी करत आली होती. आज वाशीत किंवा बेलापुरात जोराच्या पावसात तुमच्या सोसायटीच्या दारात पाणी चढलं नाही, तर त्यात या जुन्या शहाणपणाचा वाटा आहे. कागदावर मात्र ही सगळी जमीन ‘विकासाखाली नसलेली’ होती.

गावठाणं सिडकोने पाडली नाहीत. भोवतालची शेती घेतली आणि गावठाणं सेक्टरांच्या मध्ये बेटांसारखी राहिली. कोपरखैरण्यात सेक्टरातले सरळ रस्ते सोडून गावात वळलं की दोन मिनिटांत रस्ता अरुंद होतो, घरं एकमेकांना टेकतात आणि गावदेवीचं देऊळ लागतं. सारसोळे, करावे, दिवाळे, शिरवणे, घणसोली, जुहूगाव, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. बाहेरचा माणूस नाक मुरडून म्हणतो, हा भाग किती बेशिस्त आहे. पण १९७० ची गावठाणाची हद्द तेव्हाच्या घरांपुरती आखलेली होती. मुलं झाली, सुना आल्या, नातवंडं झाली, वाढायला शेत उरलं नव्हतं. मग आहे त्याच जागेत माणसांनी वर मजले चढवले आणि हद्दीला लागून घरं बांधली. इथे या घरांना एक नेमका शब्द आहे: गरजेपोटी बांधलेली घरं. ती कायदेशीर करण्याचा प्रश्न कित्येक निवडणुकांत चर्चेला आला आहे. शहराच्या नकाशात येणाऱ्यांच्या वाढीचा हिशेब होता, आधीपासून असणाऱ्यांच्या वाढीचा नव्हता.

जासई, जानेवारी १९८४

जमिनीच्या मोबदल्यावरून असंतोष पहिल्यापासून होता. त्याला आवाज दिला दिनकर बाळू पाटील यांनी, म्हणजे सगळ्यांच्या ‘दि. बां.’नी. १९२६ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईत जन्मलेले, पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेल-उरण भागातून अनेकदा आमदार आणि दोनदा खासदार. ज्या भावाने जमीन घेतली जाते आणि ज्या भावाने ती विकली जाते त्यांच्यातला फरक ते सभांमधून लोकांपुढे मांडत राहिले. शहराला विरोध करून ते थांबले नाहीत. शहराच्या हिशेबात भूमिपुत्राचा वाटा किती, हा त्यांचा सवाल होता.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच जण मारले गेले. तिथे आजही दरवर्षी त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम होतो.

या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. १९९० मध्ये सरकारने निर्णय घेतला आणि पुढच्या काही वर्षांत तो सगळ्या प्रकल्पग्रस्तांना लागू झाला. ज्याची जितकी जमीन गेली, त्याच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड त्याला परत द्यायचा. त्यातूनही पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होत, तो वाद वेगळा चालत राहिला. तरीही तत्त्व मोठं होतं. तोवर जमीन गेली की हातात रोख रक्कम यायची आणि संबंध तुटायचा. आता वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचा हिस्सा मान्य झाला, आणि तोही जागेच्या रूपात.

नवी मुंबईत घर भाड्याने शोधताना एजंटच्या तोंडी ‘साडेबारा टक्क्यातली बिल्डिंग’ असे शब्द येतात. ती कुठल्या तरी शेतकऱ्याला परत मिळालेल्या भूखंडावरची इमारत असते. अनेकांनी भूखंड बिल्डरला देऊन बदल्यात काही फ्लॅट घेतले, काहींनी तो फार लवकर आणि फार स्वस्तात विकला. हिस्सा मिळणं आणि तो टिकणं या दोन गोष्टी वेगळ्या. पण आपण भाडं देतो त्या चार भिंतींखाली असा एक करार आहे आणि त्या करारासाठी पाच माणसं गेली, हे इथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. मला ते इथे आल्यावर बऱ्याच उशिरा कळलं, शाळेच्या पुस्तकात ते नव्हतं.

रेल्वे आली तेव्हा

आता पुन्हा जरा खान्देशात जाऊ, कारण नकाशाचं नशीब रेल्वे कसं फिरवते हे तिथे जास्त स्वच्छ दिसतं.

धुळं आखलेलं, जिल्ह्याचं ठाणं, मुंबई-आग्रा रस्त्यावर. सगळं जमेचं होतं. पण १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी गेली. धुळं बाजूला राहिलं. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि खान्देशातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कापूस गेला रेल्वेच्या गावी. जळगाव तेव्हा जिल्ह्याचं ठाणं नव्हतं. कुणा कप्तानाने तिथे व्यापाऱ्यांना फुकट भूखंड दिले नव्हते. तरी बाजारपेठ तिथे फुलली. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला, पण तो फाटाच राहिला, गाडी धुळ्यात येऊन थांबते. १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खान्देशाचं ठाणं जळगावला गेलं. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर चार लाख साठ हजारांचं आणि धुळं पावणेचार लाखांचं होतं. आखलेल्या शहराला न आखलेल्या शहराने मागे टाकलं.

नवी मुंबईनेही ही चव घेतली आहे. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण तो गाड्यांसाठी. मंत्रालय पलीकडे आलंच नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहत होते, म्हणजे सरकारने एका हाताने पूर्वेला बोट दाखवलं आणि दुसऱ्या हाताने दक्षिणेला जागा करून दिली. बेलापूरला कोकण भवन आलं, पण राज्याची सत्ता होती तिथेच राहिली. दोन दशकं नवी मुंबई ही स्वस्त घरांची पण गैरसोयीची जागा समजली जायची.

शहराला पहिला जोर आला तो घाऊक बाजारांमुळे. कांदा-बटाटा, मसाले, धान्य, मग फळं आणि भाजी, असे मुंबईतले बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलवले गेले. त्यांच्याबरोबर माथाडी कामगार आले, त्यांच्या वसाहती कोपरखैरणे आणि घणसोलीत झाल्या. जागतिक बँकेच्या मदतीने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी अगदी छोटे भूखंड पाडले गेले, ज्यांवर माणसांनी ऐपतीप्रमाणे घर वाढवत नेलं. आणि मे १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला आली. तिच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, म्हणजे भूखंड विकून आलेल्या पैशातून. थोडक्यात, ज्या लोकलने शहराचं नशीब उघडलं ती भातखाचरांच्या किमतीवर धावली. त्याच वर्षीच्या जानेवारीत नवी मुंबई महापालिका झाली. २०११ मध्ये महापालिकेच्या हद्दीत ११ लाखांहून जास्त लोक राहत होते.

या ११ लाखांत आपल्याकडचेही आहेत. खान्देशातून नोकरीसाठी निघणारा पूर्वी नाशिक, सुरत किंवा कल्याण गाठायचा, आता तो ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये किंवा तळोज्याच्या कारखान्यातही दिसतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी इथल्या फ्लॅटमध्येही कानबाई बसते, रोट होतात, अहिराणी गाणी होतात. खाली गावठाणात त्याच महिन्यात नारळी पौर्णिमेची तयारी चाललेली असते. दोघांनाही एकमेकांचं फारसं माहीत नसतं.

पुढचा नकाशा

ही सगळी जुनी गोष्ट वाटत असेल तर तसं नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा वस्त्या हलवल्या. इथल्या प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीतला वाटा साडेबावीस टक्के ठरला. साडेबारावरून साडेबावीस, हा वाढीव दहा टक्क्यांचा आकडा कुणी आपणहून दिलेला नाही, तो १९८४ नंतर शिकलेल्या लोकांनी मागून घेतलेला आहे. विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये हजारो माणसं मानवी साखळी करून उभी राहिली, त्यामागेही हाच इतिहास होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अटल सेतूच्या पलीकडे आणखी एका शहरासाठी अधिसूचना निघाली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं त्यात आहेत. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणू लागले आहेत. गावांनी हरकती नोंदवल्या. इकडे आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. तो धुळ्यावरून जाणार आहे. सव्वाशे वर्षं फाट्याच्या टोकाला बसलेल्या शहरावरून पहिल्यांदाच गाडी पुढे जाईल. धुळे-नरडाणा पट्टा औद्योगिक क्षेत्र म्हणून आधीच नकाशावर आहे. म्हणजे पट्टी आणि पेन्सिल घेऊन माणसं आपल्याही शेतापर्यंत येणार, काही ठिकाणी आलीही असतील.

मला नियोजित शहरं आवडतात. रुंद रस्ता, झाडं, वेळेवर येणारं पाणी, जवळची शाळा, या गोष्टी कुणीतरी आधी विचार केला म्हणून मिळतात आणि त्यांचा उपभोग मी रोज घेते. म्हणूनच नकाशा आला की त्याला विरोध करा असं मी म्हणणार नाही. तीन गोष्टी मात्र विचाराव्यात. गावठाणाची हद्द कुठे आखली आहे आणि पुढच्या दोन पिढ्यांना घरं बांधायला त्यात जागा आहे का? जमिनीची किंमत वाढल्यावर तिच्यातला वाटा मूळ मालकाला कसा मिळणार, एकदाच रोखीने की जागेत? आणि रस्ता, पाणी, रेल्वे आधी येणार की माणसं आल्यावर वीस वर्षांनी?

नवी मुंबईच्या ९५ गावांना हे प्रश्न विचारायला वेळ मिळाला नाही, कारण तेव्हा उत्तरं कशी असू शकतात हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी ती किंमत मोजून शोधली. सातबारा अजून घरच्यांच्या नावावर असेल, तर या सुट्टीत तो एकदा काढून पाहा, आणि गावाचा नकाशाही तलाठ्याकडे मागा. आपलं शेत त्यात कुठे आहे, पाट कुठून येतो, गावठाणाची रेघ कुठे संपते, हे आत्ताच माहीत करून घ्या. नवा नकाशा येईल तेव्हा त्याच्याशेजारी ठेवायला जुना आपल्या हातात हवा.